हैबतरावांनी पुसलेले आंबे

मी एक जुना वजनकाटा आहे, मित्रांनो. लोखंडी पाय, गोल तबकडी आणि तिच्यावर फिरणारा लाल काटा, एवढंच माझं रूप. पेणच्या एका भातगिरणीत मी वीस वर्षं तांदूळ तोलला. मग तिथे विजेचा काटा आला आणि मी गोणपाटाखाली गेलो. सात वर्षं माझ्या पाटावर कुणी साधी वाटीही ठेवली नाही.

पुढे निशिगंधाने कोलाडजवळ फळांसाठी छोटं शीतगृह काढलं. भंगारात निघालेल्या मला तिने उचलून आणलं आणि तेलपाणी करून दाराशी उभं केलं.

गेल्या मे महिन्यात गागोद्याच्या बायजाबाई आणि त्यांचे यजमान हैबतराव दोन क्रेट हापूस घेऊन आले. बायजाबाईंची बालमैत्रीण मिरियम तेवीस दिवसांनी इस्रायलहून येणार होती. रोह्याच्या शाळेत दोघी शेजारी बसायच्या. तिकडे गेल्यापासून चाळीस वर्षांत मिरियमला आंब्याच्या दिवसांत यायला जमलं नव्हतं. या वेळीही ती पोचेपर्यंत झाडावर एक फळ उरणार नव्हतं.

हैबतरावांनी हौसेने एका क्रेटमधला आंबा न् आंबा ओल्या फडक्याने पुसून चकचकीत केला होता. दुसऱ्या क्रेटला हात घालणार, तोच निशिगंधा म्हणाली, "काका, थांबा. ती पांढुरकी झाक धूळ नाय. झाडानंच सालीवर चढवलेलं मेण हाय. ते गेलं की आतलं पाणी उडतं."

"पोरी, पाहुणीपुढं काय मळके आंबे ठेवायचे?"

"ऱ्हाऊ द्या तो क्रेट तसाच," बायजाबाई म्हणाल्या. "बघू तरी."

दोन्ही क्रेटमधले आंबे मी तोलले. बरोबर दहा-दहा किलो. मग ते तेरा अंशांच्या थंड खोलीत गेले.

अठरा दिवसांनी नवराबायको परत आले. न पुसलेल्या आंब्यांत तीनशे ग्रॅमची घट निघाली, पुसलेल्यांत सातशेची. हैबतरावांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हातारा झालाय हा. काय पण सांगतो."

मला फार लागलं, मित्रांनो. निशिगंधाने पाच किलोचं सरकारी शिक्क्याचं वजन माझ्या पाटावर ठेवलं. माझा काटा पाचावर जाऊन उभा राहिला. मग बायजाबाईंनी दोन्ही क्रेटमधला एकेक आंबा नवऱ्याच्या हातात दिला. पुसलेल्याची साल देठापाशी सुरकुतली होती. दुसरा टणक, भरलेला होता. हैबतराव बराच वेळ चाचपत राहिले.

"खरं बोलतो म्हातारा," ते म्हणाले आणि माझ्या तबकडीवर त्यांनी हलकेच थाप मारली. गिरणीत वीस वर्षं राबलो, पण अशी शाबासकी मला कधी मिळाली नव्हती.

पाच दिवस पेंढ्यात राहून आंबे पिवळेधमक झाले. मिरियम कोलाडला गाडीतून उतरली, तशी बायजाबाईंनी तिला आधी इथेच आणलं. निशिगंधाने सुरी पुढे केली, पण मिरियमने आंबा तसाच पिळून तोंडाला लावला. रस कोपरापर्यंत ओघळला.

"बायजा, आजच उतरवलास काय गो?"

"नाय गो. तेवीस दिस झाले."

मिरियमने दुसरा घेतला. सुरकुतलेल्यांची टोपली मात्र हैबतरावांनी स्वतःकडे ओढली. "हे माझे. गोडीला तेवढेच हाईत."

दोघी मैत्रिणी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

म्हणून सांगतो, मित्रांनो. आंबा असो की जांभूळ, टिकवायचं असेल तर फळाची झाक पुसू नका. धुवायचं ते खाताना. आणि तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी कोपऱ्यात पडलं असेल, तर एकदा त्याला काम सांगून बघा.