गुरवाड्याच्या खांबावरचा कंदील

मी एक जुना कंदील आहे. माझा पत्रा गंजला आहे, कडी एका बाजूने तारेने बांधली आहे आणि काच मूळची नाही. तरीही मित्रांनो, वात वर करून काडी लावली तर मी अजूनही पेटेन. माझ्या आयुष्यातला सगळा घोळ या पेटण्यानेच झाला.

मला कुणी घडवले ते आठवत नाही. आठवते ते खाणीच्या गावातले दुकान. तिथून मला माझ्या मालकिणीच्या, माजोलाच्या, नवऱ्याने विकत घेतले. खाणीतले वर्ष संपवून तो म्पोंडो लोकांच्या मुलखात, समुद्राकडे उतरणाऱ्या आमच्या खोऱ्यात, घरी निघाला होता. एका हातात घोंगडी, दुसऱ्या हातात मी. खालच्या वस्तीतल्या बायका मला बघायला आल्या आणि मी फार फुशारलो. पुढे त्यांचा मुलगा लुंगिसा माझ्याच उजेडात जन्मला. नाळ कापताना शेजारची म्हातारी मान्यावुझा ओरडली, "अगं जवळ आणा त्याला, काही दिसेना!" ते बाळाबद्दल नव्हे, माझ्याबद्दल होते.

मग खाणीच्या धुळीने लुंगिसाचा बाप गेला. विजेचे खांब आले, घरात बल्ब लागला आणि मी मक्याच्या पिठाच्या पोत्यांमागे जाऊन पडलो. चार वर्षे माझ्या काचेत कोळी राहत होता.

मला बाहेर काढले लुंगिसानेच. बावीस वर्षांचा झाला होता. चालू खाणीत काम मिळेना, म्हणून सोबत्यांबरोबर एका बंद पडलेल्या खाणीत चोरून खणायला निघाला होता. त्याने मला सदऱ्याने पुसले आणि गुरवाड्याच्या, म्हणजे गुरे कोंडायच्या आवाराच्या, दाराच्या खांबावर टांगले.

"आई, हा रोज लावत जा. मी रात्री-अपरात्री आलो तर टेकडीवरून आपलं घर दिसलं पाहिजे."

"का? बल्ब दिसत नाही होय?"

"बल्ब सगळ्यांच्याच घरी आहे."

त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी पेटू लागलो आणि पहाटेपर्यंत जळू लागलो. दुसऱ्या वर्षी त्याचे दोन सोबती परत आले. भुयार खचले होते आणि लुंगिसा आत राहिला होता. नंतर खाणीचे तोंडच बुजवून टाकले. माजोलाने ऐकून घेतले, त्यांना जेवायला वाढले आणि अंधार पडताच मला पेटवले.

आमच्याकडे माणूस परमुलखात मेला की घरचा एखादा पुरुष रानबोरीची डहाळी घेऊन तिथे जातो. नावाने हाक मारून त्याच्या आत्म्याला डहाळीवर बसवतो आणि घरी आणतो. बसमध्ये त्याचेही तिकीट काढावे लागते. घरी आल्यावर बोकड कापतात. हे झाले नाही तर तो तिथेच राहतो.

"वहिनी, जायला हवं," तिचा दीर वेलाफी म्हणाला. "पोरगा एकटा बसलाय तिथे."

"मेलेल्याला आणतात, भावजी. माझा यायचाय अजून."

"बरं बाई, यायचाय तर यायचाय." त्याने टोपी उचलली आणि गेला.

पण लुंगिसा तिच्या स्वप्नात येऊ लागला. गुरवाड्याच्या दाराशी उभा राही, ओलाचिंब, आत काही येत नसे. शेवटी एका सकाळी तिने वेलाफीला बोलावले. "जाऊ या. हाक मात्र मी मारणार. पीक निघू दे, मग तिकिटांचे पैसे होतील."

पीक म्हणजे गांजा. तुमच्याकडे हे नाव दबक्या आवाजात घेत असतील, आमच्या खोऱ्यातल्या चुली त्यावर पेटतात. उन्हाळ्यातले पीक त्या वर्षी गारांनी झोडपले. शेवटचा बैल विकल्यामुळे गुरवाडा रिकामा होता आणि त्यात वर्षानुवर्षांचे शेण मुरलेले होते. माजोलाने तिथेच, माझ्या पायाशी, हिवाळी गांजा लावला.

हिवाळी झाड बुटके राहते, पण लवकर फुलते. दिवस आखूड झाले, रात्री लांबल्या की त्याला कळते, आता वेळ थोडा आहे. मग ते पाने सोडून फुलोऱ्याला लागते. विकला जातो तो फुलोरा. नुसत्या पानांना कुत्रे विचारत नाही.

जून आला, आमच्याकडचा भर हिवाळा. दिवस केव्हा उजाडला आणि केव्हा मावळला कळेना. खोऱ्यातल्या परसांत फुलोरा दिसू लागला. आमची झाडे मात्र पानांवर पाने काढत होती. माजोलाने ओढ्यावरून पाणी वाहून पाठ मोडून घेतली. मग तिला वाटले, थंडी बाधली. तिने मला खांबावरून काढले, ओळींच्या मधोमध मेख ठोकून मला त्या मेखेला अडकवले आणि वात वर केली.

"जरा ऊब दे रे त्यांना," ती मला म्हणाली.

किती वर्षांनी कुणी माझ्याशी बोलले होते! मी जीव ओतून जळलो. ते आठवले की आजही मला माझी लाज वाटते.

जुलैच्या मध्यावर मान्यावुझा काठी टेकत मीठ मागायला आली. कुंपणाच्या भिंतीआड, जिथे माझा उजेड पोचत नव्हता, तिथे सहा झाडे फुलोऱ्याने लवली होती.

"काय गं माजोला, ही सहा तुझी आणि बाकीची सवतीची का?" असे म्हणून ती हसली. मग तिने माझ्याकडे पाहिले. "हा कधीपर्यंत जळतो?"

"पहाटेपर्यंत."

"मग यांना रात्र झालीच कुठे, बाई? उन्हाळा समजून पानं काढत बसलीत बिचारी! विझव तो."

"विझवला तर टेकडीवरून घर दिसायचं नाही, मावशी."

म्हातारी दगडावर बसली. "माझ्या हातानं त्याची नाळ कापली मी. मला काय वाटत नाही होय? पण टेकडीवरून येणारा असता तर तीन हिवाळ्यांत आला असता. त्याला आणायला जायचंय ना तुला? मग आधी हा विझव."

त्या संध्याकाळी माजोलाने सवयीने माझ्यात रॉकेल भरले. काडेपेटी हातात घेऊन उभी राहिली. बऱ्याच वेळाने ती पेटी तिने खिशात टाकली आणि माझ्याशेजारी मातीत बसून टेकडीकडे बघत राहिली. मध्येच हळूच त्याचे नाव घेई. तीन वर्षांत पहिल्यांदाच आमच्या गुरवाड्यात पुरती रात्र झाली.

दहा-बारा दिवसांत पेरांपाशी फुलोऱ्याचे पांढरे तंतू फुटले. पण उशीर तो झालाच होता. सप्टेंबरात निघालेला फुलोरा वेलाफीच्या आणि लुंगिसाच्या तिकिटाला आणि एका बोकडाला पुरला. डहाळी पुरुषानेच आणायची, म्हणून माजोलाचे जाणे राहिले. पोटच्या पोराला हाक मारायला आईला जाता आले नाही, ते माझ्यामुळे.

ज्या दिवशी ते यायचे होते त्या संध्याकाळी तिने मला खांबावर टांगले आणि पेटवले. वेलाफी टेकडी उतरत होता. डहाळी छातीशी धरून तो तिच्याशीच बोलत होता, "हा ओढा, लुंगिसा. ओलांडतोय आपण. आता घर आलं."

माजोलाने डहाळी दोन्ही हातांनी घेतली. काटे तळव्यात रुतले, पण तिने पकड सैल केली नाही.

"दिसला का रे कंदील, टेकडीवरून?" तिने विचारले.

डहाळी काय बोलणार! शेवटी वेलाफीच म्हणाला, "दिसला, वहिनी."

तिने मला फुंकर मारली. त्यानंतर मी पेटलो नाही.

आता मी आढ्याला लटकलो आहे. कुणी महिन्याकाठी माझी काच पुसली तरी मला पुष्कळ आहे. तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे, मित्रांनो. घर सोडून लांब निघालात तर आईला सहज म्हणून सांगून जाऊ नका की दिवा लावून ठेव.

ती ठेवते.