छताला डाग नको

"अजून दोन फावडी टाक की," एर्नेस्त तळघराच्या वरच्या पायरीवरूनच म्हणाला. अंगात काळा सूट, पायात चकचकीत बूट. खाली उतरायचा प्रश्नच नव्हता.

त्रूदाने बॉयलरच्या काट्याकडे पाहिलं. "सत्तरला आहे. पुरे."

"दिवाणखाना गार आहे."

"वर्षभर बंद ठेवलेली खोली एका दुपारीत कशी तापेल? भिंतीच गार आहेत. फादरना म्हणावं, कोट घालून बसा."

"वा. जन्मभर खाणीत राबलेल्या माणसाच्या घरी कोलेंद्याला फादर कोट घालून बसणार. गावभर होईल."

"होऊ दे. बॉयलर गाव नाही चालवत."

तिने राखेचं दार घट्ट लावलं, हात पुसले आणि कपडे बदलायला वर गेली. नाताळ सरला की कोलेंदा असे, म्हणजे फादर घरोघर फिरून घरांवर पवित्र पाणी शिंपडत, आणि त्या एका दिवसासाठी या खाण-वसाहतीतल्या प्रत्येक घराचा दिवाणखाना उघडला जाई. त्रूदाने सकाळीच पांढरा टेबलक्लॉथ घातला होता, क्रूस आणि दोन मेणबत्त्या मांडल्या होत्या, खसखशीचा केक कापून ठेवला होता. छत एर्नेस्तने स्वतः रंगवलं होतं. आठवडाभर मान वर करून रंगवलं होतं आणि आठवडाभर मान दुखते म्हणून तिच्याकडून शेकून घेतली होती.

ती कपाटातून निळा ड्रेस काढत असताना एर्नेस्त तळघरात उतरला. सुटाची बाही वर करून त्याने बॉयलर दारापर्यंत गच्च भरला आणि लवकर पेट घ्यावा म्हणून राखेचं दार बोटभर उघडं ठेवलं. हे त्रूदाला नंतर कळलं.

वसाहतीत कुणालाही विचारलं असतं, तर बॉयलर एर्नेस्तचाच. कोळसा त्याचा होता. सिलेशियाच्या जमिनीच्या पोटातून त्याने तो काढला होता, आणि निवृत्त झाल्यावरही खाणीकडून त्याच्या वाट्याचा कोळसा दर शरद ऋतूत अंगणात येऊन पडत होता. तो ढीग तळघरात ओतायची त्रूदा, पहाटे उठून पेटवायची त्रूदा, राख काढायची त्रूदा. लग्नाआधी ती खाणीच्या निवडाईच्या पट्ट्यावर होती. समोरून वाहत जाणाऱ्या कोळशातून दगड वेचायचे, तेही हाताने. दगड आणि कोळसा यांतला फरक तिच्या बोटांना अजूनही डोळ्यांआधी कळे. हिवाळ्यात ती कुठे जात नसे, कारण आग मागे सोडून जाता येत नाही. एका फेब्रुवारीत आई गेली तेव्हा ती गावी गेली होती. कबरीवर माती पडते न पडते तोच एर्नेस्तचा फोन आला. आग विझली होती, घर गारठलं होतं, आणि त्याला विचारायचं होतं की ती कधी येतेय. ती संध्याकाळच्या बसने परतली. बहिणींनी तिच्यासाठी वाढून ठेवलेलं ताट तसंच राहिलं.

पण तिच्या डोक्यात राग भरला होता तो या शरद ऋतूपासून, आणि तो एका व्हॉल्व्हचा होता.

पाणी तापलं की फुगतं. फुगलेल्या पाण्याला जायला वाट लागते. त्यांच्या घरात ती वाट म्हणजे बॉयलरपासून थेट माळ्यावरच्या टाकीपर्यंत गेलेली एक नळी. या नळीवर काहीही बसवायचं नसतं, कारण ती बंद झाली की बॉयलर म्हणजे झाकण घट्ट बसवून चुलीवर ठेवलेलं भांडं. टाकीची वरची कड गंजली होती. पाणी चढलं की तिथून ठिबके आणि खालच्या दिवाणखान्याच्या छतावर तपकिरी डाग उमटे. नवी टाकी बसवायची सोडून एर्नेस्तने एका ओळखीच्या माणसाकडून त्या नळीवर, माळ्याच्या जिन्याशी, व्हॉल्व्ह बसवून घेतला.

"हा काढ," त्रूदा म्हणाली होती.

"उघडाच राहणार आहे. दुरुस्तीपुरता असू दे."

"उघडाच राहणार असेल तर बसवलास कशाला?"

"तुला प्रत्येक गोष्टीत खोडी काढायची असते."

तेव्हापासून रोज पहाटे ती आधी माळ्याच्या जिन्याशी जाऊन व्हॉल्व्हची दांडी पाही आणि मग तळघरात उतरून काडी ओढी. आजही पाहिली होती. उघडा होता.

फादर आले तेव्हा अंधारून आलं होतं आणि ओलं बर्फ वाऱ्याबरोबर खिडकीवर थापा मारत होतं. फादर कामिल तरुण होते, नुकतेच या चर्चमध्ये आलेले. सगळ्यांना काका-काकू म्हणत. एर्नेस्तची थोरली बहीण ओतिलिया दुपारपासूनच आरामखुर्चीत येऊन बसली होती. खुबा मोडल्यापासून तिचे पाय चालत नव्हते, जीभ मात्र चालत होती.

"बसा फादर. खोली बघा कशी उबदार केलीय," एर्नेस्त म्हणाला.

"उबदार?" ओतिलिया म्हणाली. "माझ्या स्वेटरला घाम फुटलाय."

फादर हसले आणि स्टोल गळ्यात घालून प्रार्थनेला उभे राहिले. त्रूदाने खिडकीखालच्या रेडिएटरला हात लावला आणि लगेच काढून घेतला. इतका तो कधीच तापत नसे.

तेवढ्यात दिवा गेला. समोरच्या घरांचेही दिवे गेले.

"काही बिघडत नाही," एर्नेस्त म्हणाला. "मेणबत्त्या आहेतच. परमेश्वराला विजेचं बिल येत नाही."

दिवा गेला म्हणजे पंप गेला, त्रूदाच्या मनात आलं. बॉयलरमधलं गरम पाणी रेडिएटरकडे ढकलणारा पंप थांबला, म्हणजे सगळी उष्णता आता खालीच साठणार. ती वळली. एर्नेस्तने तिचं मनगट धरलं.

"कुठे निघालीस?"

"खाली."

"प्रार्थना चाललीय. पाणी शिंपडून होऊ दे. दोन मिनिटांत काही आकाश कोसळत नाही."

ती थांबली. यासाठी तिने स्वतःला पुढे कधीही माफ केलं नाही, आणि त्याला तर नाहीच. 'आमच्या बापा' म्हणताना तिचे ओठ हलत होते आणि कान जमिनीला लागले होते. प्रार्थना अर्ध्यावर असताना खालून पहिला ठोका आला, भिंतीतल्या नळीवर कुणी आतून हातोडा मारावा तसा. मग दुसरा.

"जुन्या नळ्या आहेत, फादर," एर्नेस्त म्हणाला.

तिने मनगट हिसकून सोडवलं.

तळघरात जायला तिला दिव्याची गरज नव्हती. राखेच्या दाराच्या फटीतून लाल उजेड फरशीवर सांडला होता. तिने बुटानेच ते दार लाथाडून लावलं आणि टॉर्च पेटवला. काटा शेवटच्या आकड्याच्या पलीकडे जाऊन टेकला होता. पण ती पाहत होती ते कोपऱ्यातलं बेसिन. माळ्यावरची टाकी भरून वाहू लागली की जादा पाणी एका बारीक नळीने या बेसिनमध्ये पडतं. पाणी इतकं उकळत असताना तिथे धार लागायला हवी होती.

बेसिन कोरडं होतं.

ती जिन्याच्या तळाशी आली. "एर्नेस्त. व्हॉल्व्ह बंद आहे का?"

वरून त्याचा आवाज आला, "उघडा आहे."

"एर्नेस्त."

"थोडासाच फिरवलाय. आजच्यापुरता. ठिबकलं असतं, छत आत्ताच रंगवलंय. फादरच्या डोक्यावर..."

"काय फिरवलंयस रे?" ओतिलियाने विचारलं.

खालच्या गल्लीतल्या मार्ताचा बॉयलर असाच फुटला होता, नळी गोठून. घराची पुढची भिंत रस्त्यात पडली होती, आणि मार्ताची सून अजूनही कोणासमोर हातमोजे काढत नाही. त्रूदाला ते सगळं आठवायला वेळ नव्हता.

"फादर, ताईंना उचला आणि बाहेर व्हा. रस्त्याच्या बाजूला, भिंतीपासून लांब. केक राहू दे, काही घेऊ नका. आणि तू," तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, "तू माळ्याच्या जिन्याशी जा. पाव फेरा उघड आणि थांब. मग आणखी पाव. एकदम उघडलंस तर वाफेने भाजशील. ऐकू आलं का?"

"मी सुटात..."

"जा."

तो गेला.

तिने टेबलाखालून पत्र्याच्या दोन बादल्या ओढल्या. बॉयलरवर पाणी ओतायचं नाही, हे सासूने पहिल्याच हिवाळ्यात शिकवलं होतं. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की ते तडकतं, आणि वाफ समोरच्याच्या तोंडावर येते. धुराड्याची झडपही बंद करायची नाही, नाहीतर विषारी वायू घरात फिरतो आणि त्याला वास नसतो. तिने झडप पूर्ण उघडली, तळघराची खिडकी ढकलून उघडली. मग भट्टीचं दार. आत ताजा कोळसा गच्च भरलेला, त्यातून निघालेला वायू कोंडलेला. ती बाजूला सरकली, दार केसभर उघडून धरलं आणि वाट पाहिली. निळी ज्योत भपकन बाहेर आली, तिच्या कोपराशेजारून गेली आणि परत आत ओढली गेली. तेव्हा कुठे तिने दार सताड उघडलं.

"गाढवा," ती म्हणाली. भट्टी भरलेली पाहूनच तिला कळलं की हे कुणी केलं. "गाढवा, गाढवा." प्रत्येक फावड्याला एकदा.

वरचा कोळसा पेटायचा होता, तो तिने फरशीच्या रिकाम्या कोपऱ्यात ओढून टाकला. खालचे निखारे बादलीत, त्यांवर जुन्या राखेचा थर. बादली घेऊन अंगणाच्या पायऱ्या चढायच्या, बर्फात उलटायची, परत यायचं. निळ्या ड्रेसच्या बाहीला भोकं पडली. तिसऱ्या खेपेला फादर कामिल पायऱ्यांच्या तोंडाशी उभे होते.

"काकू, मी काय करू?"

"ताई कुठे आहेत?"

"शेजाऱ्यांच्या ओसरीवर. माझा कोट दिलाय."

"मग ही बादली घ्या आणि तिकडे ओता. भिंतीपासून लांब. खाली येऊ नका."

नळ्यांमधले ठोके जवळ जवळ येऊ लागले होते. आणि मग, एकाएकी, भिंतीतून वर चढत जाणारा लांब घोगरा आवाज आला आणि बेसिनमध्ये गंजाचं लाल पाणी थुंकल्यासारखं पडलं. पुन्हा पडलं. मग धार लागली. एर्नेस्तने व्हॉल्व्ह उघडला होता.

त्रूदाने भट्टीत उरलेल्या निखाऱ्यांवर राखेचं घमेलं पालथं केलं, दारं लावली आणि काट्याकडे पाहत उभी राहिली. बराच वेळ तो हललाच नाही. मग हलला.

वर दिवाणखान्यात पाणी पडत होतं. माळ्यावरची टाकी कडेच्या गंजासकट वाहत होती, आणि ते नव्या रंगाच्या छतातून मेणबत्त्यांवर, केकवर आणि पांढऱ्या टेबलक्लॉथवर झिरपत होतं. एर्नेस्त दारात उभा राहून वर बघत होता. त्याच्या हाताचा पंजा लाल झाला होता. त्रूदाने तो नळाच्या गार पाण्याखाली धरला आणि धरून ठेवला.

अंगणात निखारे बर्फात बुडत होते. ओसरीवर ओतिलिया फादरच्या कोटात गुरफटून बसली होती. "सगळा जन्म गेला," ती म्हणाली, "कोणा पुरुषाने उचलून नेलं नाही. आज नेलं, तर तोही फादर."

शेजारचा विल्हेम कुंपणाशी आला. "काय झालं रे?"

"थोडं प्रेशर वाढलं होतं," एर्नेस्त म्हणाला. "काढली आग बाहेर आम्ही."

त्रूदाने रिकामी बादली हातातून खाली ठेवली. फादरनी तिच्याकडे पाहिलं आणि मग नजर आपल्या काळवंडलेल्या हातांकडे वळवली.

रात्री वीज आली. एर्नेस्त ओव्हरकोट घालून स्वयंपाकघरात बसला होता. "पंप चालू झालाय," तो म्हणाला. "पेटव की."

"नाही."

"मी उघडा ठेवीन आता. शपथ."

"तुला विचारलं तेव्हाही तू उघडा आहे म्हणालास."

"छतासाठी केलं गं. तुझंच घर चांगलं दिसावं म्हणून."

"मी खाली होते, एर्नेस्त."

ती रात्र दोघांनी सगळ्या रजया अंगावर घेऊन, वेगवेगळ्या खोल्यांत काढली. ओतिलिया विल्हेमकडेच राहिली.

सकाळी आकाश निरभ्र होतं आणि थंडीने नाक चरचरत होतं. त्रूदा तळघरात उतरली, बॉयलरच्या पाठीला हात लावून पाहिला. कोमट होता. तिने भिंतीवरचा रबरी पाइप काढला, एक टोक बॉयलरच्या खालच्या तोटीला बसवलं आणि दुसरं खिडकीतून अंगणात ढकललं.

एर्नेस्त जिन्यावर आला. या वेळी तो खालच्या पायरीपर्यंत आला. "काय करतेयस?"

"पाणी सोडतेय. सगळ्या घराचं."

"वेडी झालीस? बाहेर सगळं गोठलंय. रेडिएटर फुटतील."

"भरलेले फुटतात. रिकामे नाही फुटत." तिने तोटीवर पाना चढवला. "सोमवारी प्लंबर येतोय. मी बोलावलाय. तो व्हॉल्व्ह कापून काढेल आणि तिथे सलग नळी जोडेल. नवी टाकी बसवेल. तोवर या घरात आग पेटणार नाही. पाणीच नसेल, तर मी नसताना कुणाला पेटवताही येणार नाही."

"तू नसताना? कुठे जाणार आहेस?"

"बहिणीकडे. चार दिवस."

"हिवाळ्यात?"

पाइपचं टोक ताठरलं होतं, गटाराच्या जाळीवर ठरत नव्हतं. खिडकीतून दिसत होतं. "ते टोक कुणीतरी धरायला हवं," ती म्हणाली. "नाहीतर पाणी भिंतीशी जाऊन गोठेल. जा, धर."

तो सपाता घालूनच बाहेर गेला, वाकून पाइप जाळीवर धरला. त्रूदाने पाना फिरवला. पाइप त्याच्या हातात एकदा उसळला आणि काळं, वास मारणारं पाणी जाळीत पडू लागलं. माळ्यावरून हवा आत घुसल्याचा आवाज आला, मग दिवाणखान्यातला रेडिएटर घरघरला, मग शेजारच्या खोलीतला.

विल्हेम भाजीची पिशवी घेऊन रस्त्याने चालला होता. तो कुंपणाशी थांबला. एर्नेस्तने मान वर केली नाही. भाजलेला हात त्याने कोटाच्या आत घेतला आणि पाइप दुसऱ्या हातात धरला. आत त्रूदा एकेका खोलीत जाऊन रेडिएटरच्या तोट्या उघडत होती.