पाठकोरी पानं

खटक्!

गार्गी नुकतीच शाळेतून येऊन झोपली होती, घर चिडीचूप होतं, आणि ती शांतता मोडली मी. मित्रांनो, मुलुंडच्या एका दोन खोल्यांच्या घरातला मी जुना स्टेपलर. साकीनाक्याच्या लहानशा कारखान्यात माझा पत्रा कापला गेला, स्प्रिंग बसली आणि शेपटाशी पिना उचकटायची चपटी पट्टी लागली. त्या पट्टीमुळेच आज तुमच्याकडे मान वर करून बघवत नाही.

गार्गीची आई शुभा आमदार विद्याधररावांसाठी कायद्यांचे मसुदे लिहिते. लेक झोपली की दुपारचा तासभर तिचा. असे तास चोरून चोरून तिने वर्षभरात एक मसुदा लिहिला, वाढत्या उन्हापासून माणसांना वाचवणारा. चौदा पानं! मी एका दमात जोडली. "शाब्बास रे म्हाताऱ्या!" म्हणत तिने मला थोपटलं. तेवढं कौतुक पुन्हा कधी झालं नाही.

त्या कायद्याची वाट बघणारं माणूस घरातच होतं. पोळ्या करायला येणाऱ्या शेवंतीमावशी. त्यांचे यजमान दशरथ इमारतींच्या स्लॅबवर काम करतात. एप्रिलात भर उन्हात चक्कर येऊन पडले होते. नवव्या पानावर लिहिलं होतं, कडक उन्हाच्या दिवसांत दुपारी बारा ते चार काम बंद, मजुरी मात्र पूर्ण.

"ताई, तुमचो कायदो झालो काय ओ?" मावशी रोज विचारायच्या. दशरथकाकांना दुपारी बारा ते चार सुट्टी मिळणार, हे ऐकून ऐकून गार्गीलाही पाठ झालं होतं.

मग विद्याधररावांचे फोन सुरू झाले.

"शुभा, ते झाडं तोडायला बंदीचं पान काढ गं. बिल्डर मंडळी खवळलीत."

पट्टी पिनेखाली गेली, पान निघालं. खटक्! तेरा.

"ऊन तापवणाऱ्या काचेच्या इमारतींवर बंदीचं पण नको. आपल्याच पक्षातले नाही म्हणतायत."

खटक्! असं करत करत एक दिवस नववं पान आलं.

"दादा, तेच काढलं तर उरलं काय?"

"अगं, आधी सभागृहात मांडू तर दे! पुढच्या अधिवेशनात घालू ना परत. निवडणूक तोंडावर आलीय, समजून घे."

शुभाने माझी पट्टी पिनेखाली सरकवली. मित्रांनो, शाळेच्या साध्या अर्जाला पिन मारताना मी कितीदा अडकलोय! त्या दुपारी मात्र मुकाट्याने चाललो. जोडणारा मीच, उचकटणाराही मीच.

शेवटी तीन पानं सभागृहात गेली. त्यांची पाळी यायच्या आत अधिवेशन संपलं. मावशींना कुणी काही सांगितलं नाही. काढलेली पानं शुभाला फेकवेनात. एक बाजू कोरी होती, म्हणून चित्रं काढायला तिने ती गार्गीला दिली.

एवढंच मागतो, मित्रांनो. कुणी पान काढायला सांगितलं, तर ते कुणासाठी लिहिलं होतं हे आधी आठवा. आणि अडकता येत असेल तर अडका. मला येत होतं.

काल गार्गीने मोठा सूर्य रंगवला. स्केचपेनचा रंग मागे उमटला का, म्हणून तिने पान उलटलं. पहिलीतली पोर, बोट ठेवून वाचू लागली, "दु-पा-री बा-रा ते चा-र का-म बं-द..."

स्वयंपाकघरात मावशींचं लाटणं थांबलं.

"आई, हे दशरथकाकांचं आहे ना? मग मला का दिलंस?"