ओठांच्या आधी अक्षरं

"काढ, काढ. आज केबल काढ, उद्या पंखा काढ, परवा मलाही काढ," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी हातातली शेंग अशी काही मोडली की सुनेला आपलीच मान आठवली.

पण सून हसली. तिच्या अंगात त्या दिवसांत असा उत्साह संचारला होता की कुणाचंच बोलणं तिला टोचत नव्हतं. ती एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती. काचेच्या नळ्या धुवायच्या, बंद पडलेली उपकरणं उघडून बसायचं, हे तिचं काम. आणि वायर दिसली की ती कुठून निघून कुठे जाते हे पाहिल्याशिवाय बाईला चैन पडायचं नाही. सासूबाई तिला इंजिनिअरबाई म्हणत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

शाळेनं भंगारात काढलेला एक कॉम्प्युटर तिनं मुख्याध्यापकांच्या मागे लागून मिळवला होता. तो पुसूनबिसून चपलांच्या कपाटावर मानाच्या जागी बसवला, त्यात मोठी हार्ड डिस्क घातली आणि घरात धूळ खात पडलेल्या सगळ्या डीव्हीडी एकेक करून तिच्यात उतरवल्या. स्वतःच्या लग्नाचं, सहलींचं चित्रणही भरलं. मालिका आणि बातम्या इंटरनेटवरून येणार होत्या. टीव्ही लावला की सगळ्या सिनेमांची चित्रं ओळीनं समोर, बटण दाबलं की हवा तो सिनेमा सुरू! पहिल्यांदा हे सगळं पडद्यावर उमटलं तेव्हा घरात ती एकटीच होती. तिनं चक्क टाळ्या वाजवल्या.

आता हौस होतीच, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण हा खटाटोप खरा होता तो आप्पांसाठी.

आप्पा म्हणजे तिचे सासरे. त्यांनी उभी हयात छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवण्यात घालवली होती. शेजारी छपाईचं यंत्र रोज खडखडायचं, आणि त्या खडखडाटानं त्यांचे कान नेले. कानात घालायचं मशीन आणलं होतं. पण स्वयंपाकघरात झाकण पडलं तरी त्यातून तोफ सुटायची आणि माणसाचं बोलणं मात्र होतं तसंच गढूळ राहायचं. ते मशीन टेबलाच्या खणात गेलं ते गेलंच. समोर बसून बोललं की आप्पा ओठांवरून सगळं ओळखायचे. टीव्हीतली माणसं कुठली समोर बसून बोलायला? ती पाठ फिरवून रडतात, पळता पळता भांडतात. म्हणून आप्पांनी एक युक्ती काढली होती. हॉलमध्ये त्यांची वेताची खुर्ची तिरपी असायची, टीव्हीकडे अर्धी आणि घरच्यांकडे अर्धी. ते पडद्यापेक्षा घरच्यांची तोंडं बघतात, हे सुनेला लग्नानंतर लगेचच कळलं होतं. सगळे हसले की आप्पा हसायचे. जरा मागून.

एकदा मात्र फसगत झाली. मालिकेतली नायिका मेलेल्या आईच्या उशाशी बसून हंबरडा फोडत होती आणि नेमका तेव्हाच धाकटा दीर मोबाइलवर काहीतरी बघून फिस्सकन हसला. आप्पांना वाटलं, विनोद झाला. ते मोठ्यानं हसले, मांडीवर थाप मारून हसले. मग घरात असा हशा पिकला की सासूबाईंना ठसका लागला. आप्पा त्या हशातही सामील झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची उचलली आणि मागच्या खोलीत खिडकीशी नेऊन ठेवली. विचारलं तर म्हणायचे, "इथे वारा चांगला येतो."

कसला वारा आणि कसलं काय! त्या खिडकीबाहेर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत होती.

सुनेच्या मनाला ते फार लागलं. घरात असून माणूस घरात नव्हता. केबलवर बोलणं अक्षरांत दिसायची सोय नव्हती. या नव्या यंत्रात होती. पडद्याखाली बोलणं लिहून यायला लागलं की आप्पांना कुणाच्या तोंडाकडे बघायची गरज काय? हे तिनं सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांचा शेंगा मोडणारा हात थांबला.

"हे पुन्हा बाहेर येऊन बसणार असतील तर काढ बाई केबल," त्या म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "तयार झालं की एखाद्या रविवारी लाव तुझं ते. हे शेवटपर्यंत बसले तर मी तुझ्या बाजूनं. मध्येच उठून गेले, तर केबलचा डबा परत जागेवर, आणि हा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही. त्यांची आणखी शोभा मला नकोय."

सून कबूल झाली. सगळ्यांसमोर आप्पा एकदा उठून गेले की पुन्हा कधीच बाहेर यायचे नाहीत, हे तिलाही कळत होतं.

सिनेमा कुठला लावायचा यावर वाद नव्हता. साहेबाला आजारपणाची थाप मारून घरी लोळत पडलेला एक कारकून आणि त्याच्या समाचाराला डॉक्टर घेऊन दारात उभा राहिलेला साहेब, असा एक जुना धमाल सिनेमा होता. आप्पा आणि सासूबाई लग्न झाल्या झाल्या तो थिएटरात बघून आले होते, तेव्हा आप्पांचे कान शाबूत होते. पण त्याची अक्षरं कुणी लिहिलेलीच नव्हती. तिनं इंटरनेट पालथं घातलं, काही हाती लागलं नाही. मग पदर खोचून तीच बसली. कानात इअरफोन, समोर लॅपटॉप, आणि शाळेच्या प्रत्येक मधल्या सुट्टीत एकेक वाक्य ऐकून टाइप करायचं. ते पडद्यावर कधी यावं आणि कधी जावं, तेही प्रत्येक वाक्याला ठरवायचं.

"तुला तर आता पाठ झाला असेल," नवरा म्हणाला.

"शेवटाकडून म्हणून दाखवू?" ती म्हणाली, आणि खरोखरच म्हणायला लागली. तो हात जोडून पळाला.

एकच आगाऊपणा तिनं केला. सिनेमाच्या आधी डीव्हीडीच्या कंपनीची एक पाटी यायची. सारखी सारखी ती बघून कंटाळा आला म्हणून लॅपटॉपवरच्या प्रतीतून तिनं ती कापून टाकली. चपलांच्या कपाटावरच्या कॉम्प्युटरमध्ये मात्र पाटीसकटची प्रत होती, हे ती साफ विसरली.

ठरलेला रविवार उजाडला. आप्पांना बाहेर आणायचं कसं, याचा तिनं आठवडाभर विचार करून ठेवला होता. ती त्यांच्या समोर जाऊन बसली आणि ओठ नीट हलवत म्हणाली, "आप्पा, मी थोडं टाइप केलंय. चुका काढून द्याल का?"

आप्पा ताठ बसले. "किती पानं?"

"पानं नाहीत. टीव्हीवर आहे."

त्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. डाव त्यांच्या लक्षात आला असणार. पण चुका म्हटल्यावर त्यांच्यानं राहवेना. ते चष्मा पुसत बाहेर आले आणि सोफ्याच्या अगदी टोकाला टेकले, दाराजवळ, केव्हाही उठता येईल असे. सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. दिरानं मोबाइल खिशात घातला. त्या हशाच्या दिवसानंतर तो आप्पांच्या नजरेला नजर देत नव्हता.

सिनेमा सुरू झाला. पडद्याखाली ठसठशीत अक्षरं आली, 'आज माझ्या पोटात दुखतंय, साहेब', आणि कारकुनानं तोंडच उघडलं नाही. तो अजून फोनच्या दिशेनं चालत होता. त्यानं फोन उचलला, आणि मग ते वाक्य ऐकू आलं.

सुनेला एकदम आठवलं. ती पाटी! अख्ख्या सिनेमाची अक्षरं त्या पाटीएवढ्या वेळानं बोलण्याच्या आधी पळत होती. इतक्या सुट्ट्या घालवल्या आणि शेवटी माती खाल्ली. अक्षरं मागे ढकलायची सोय रिमोटमध्ये होती. तिनं घाईघाईनं रिमोट उचलला आणि बटण शोधायला लागली.

तेवढ्यात पडद्यावर डॉक्टर पलंगाशी बसला. कारकून डोक्यापर्यंत पांघरूण ओढून पडला होता. डॉक्टरनं पांघरुणात हात घातला, चाचपलं, आणि काळजीनं मान हलवली.

आणि आप्पा हसले.

हळूच नाही, खदाखदा. सगळ्यांची तोंडं आप्पांकडे वळली. सासूबाई घाबरल्या. पुन्हा तेच, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. दिराची मान खाली गेली. आणि तेव्हा कुठे टीव्हीतला डॉक्टर म्हणाला, "नाडी लागत नाही," आणि पांघरुणातून आवाज आला, "उशी आहे ती, डॉक्टर."

घर हसलं. आप्पांच्या मागून हसलं.

सुनेचा अंगठा बटणावर तसाच राहिला. तिनं रिमोट मांडीवर ठेवला आणि पडद्याऐवजी घरच्यांकडे बघायला लागली. ज्यांना ऐकू येत होतं ते अक्षरं कशाला वाचतील? सासूबाईंना तर चष्म्याशिवाय ती दिसतही नव्हती. आप्पांनी मात्र आयुष्यभर खिळे वाचले होते, उलटेसुद्धा. वाक्य उमटायचा अवकाश, ते वाचून मोकळे. आप्पा फुटायचे, सगळे चमकून त्यांच्याकडे बघायचे, आता काय होणार म्हणून कान टवकारायचे, आणि मग विनोद यायचा. थोड्या वेळानं सासूबाई आप्पांचं तोंड बघूनच हसायला लागल्या.

"वहिनी," दीर तिच्या कानाशी लागला, "अक्षरं आधी येतायत. सगळे विनोद फुटतायत की."

"फुटू द्या, भाऊजी," ती म्हणाली. तिनं डोळ्यांनीच आप्पांकडे खूण केली. दिरानं एकदा आप्पांकडे पाहिलं, आणि त्याला समजलं. त्यानंतर तो सिनेमाभर पडद्याखाली एकदाही बघायचा नाही अशी खबरदारी घेत बसला. सून आनंदानं नुसती उकळत होती. उठून नाचावं, असं तिला वाटत होतं.

सिनेमा संपला. आप्पा उठले नव्हते. सरकत सरकत ते सोफ्याच्या मध्यावर आले होते, हे त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. सासूबाईंनी बाजूला ठेवलेला केबलचा डबा उचलला, त्याची वायर त्याच्याभोवती गुंडाळली आणि दिराच्या हातात दिला. "उद्या देऊन ये केबलवाल्याला," एवढंच त्या बोलल्या.

सून आप्पांच्या समोर येऊन बसली. "चुका?"

"आहेत. बऱ्याच ठिकाणी अनुस्वार खाल्लायस. आणि एका जागी साहेबाचं वाक्य कारकुनाच्या तोंडी घातलंयस." आप्पा खुशीत होते.

"अजून एक मोठी राहिली आहे, आप्पा. ती आजच दुरुस्त करते."

"ओठांच्या आधी अक्षरं येतात, ती?"

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच वाक्याला. अगं, मी दुसरं करतो काय? ओठच तर बघतो सगळ्यांचे."

"मग बोलला का नाहीत?"

आप्पांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे ओले होते, आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही. "बोललो असतो तर तू दुरुस्त केली असतीस. बाकीच्या काढ. ती तेवढी राहू दे."

ते उठून मागच्या खोलीत गेले. दमले असतील, आडवे होतील, असं सगळ्यांना वाटलं. पण आतून काहीतरी फरफटत आणल्याचा आवाज आला आणि आप्पा वेताची खुर्ची घेऊन बाहेर आले. दीर धावला, त्याला त्यांनी हात लावू दिला नाही. खुर्ची त्यांनी जुन्या जागी तिरपी ठेवली नाही. टीव्हीच्या पुढ्यात सरळ मांडली, घरच्यांकडे पाठ करून, आणि ऐसपैस बसले.

"अहो, मध्येच काय बसलात? आता आम्हाला दिसणार कसं?" सासूबाई ओरडल्या.

आप्पांची पाठ होती. त्यांना काहीच कळलं नाही, आणि कुणी पुढे जाऊन सांगितलंही नाही.