भिंतीऐवजी बदक

मी एक जुनी किल्ली आहे. चांगली वीतभर लांब, लोखंडाची, वजनाला भक्कम. तुमच्या हल्लीच्या किल्ल्या खिशात कुठे गेल्या ते सापडत नाही. मी खिशात असले की माणूस एका बाजूला कलायचा.

आर्मेनियातल्या डोंगरात मोशाकर नावाचे गाव आहे. तिथे सरगीस संताचे काळ्या दगडाचे चर्च आहे, सातशे वर्षांचे. त्याच्या दाराची मी किल्ली. पण मित्रांनो, खोटे कशाला बोलू? मला घडवले ते देवासाठी नव्हे, बटाट्यांसाठी. त्या काळी सरकारने देवाला रजा दिली होती आणि चर्चचे गोदाम केले होते. बटाटे चोरीला जाऊ नयेत म्हणून दाराला नवे कुलूप बसवायचे ठरले. गावचा तरुण लोहार पेत्रोस याने ते कुलूप केले आणि मलाही केले. तो ऐरणीवर मला ठोकत होता आणि पुटपुटत होता, "देवा, माफ कर. तुला आत ठेवून बाहेरून कडी घालतोय."

पेत्रोसला घरात सगळे पेतो म्हणत. त्याची धाकटी बहीण सातेनिक तेव्हा भात्याजवळ बसून प्रश्न विचारून त्याचे डोके खायची. पुढे लढाई सुरू झाली. निघायच्या दिवशी सकाळी पेतोने गोदामाच्या रखवालदाराकडून मला मागून घेतले, नऊ वर्षांच्या सातेनिकला बरोबर नेले, आणि दाराच्या आत डाव्या हाताच्या भिंतीवर छिन्नीने एक लहानसा क्रूस कोरला. आमच्याकडे चर्चच्या भिंतींवर असे शेकडो क्रूस असतात. दूरदूरचे यात्रेकरू आपली खूण म्हणून कोरून जातात. पेतो म्हणाला, "आलो की याच्या शेजारी दुसरा कोरीन."

तो आला नाही. एक कागद आला. त्यावर 'बेपत्ता' असे लिहिले होते.

सातेनिक मोठी झाली, लग्न होऊन डोंगरापलीकडच्या गावी गेली, विधवा होऊन परत आली. मधल्या काळात मी बटाटे पाहिले, गहू पाहिला, खताची पोती पाहिली. एका हिवाळ्यात समुद्रापलीकडून परतलेला एक आर्मेनियन माणूस चार महिने रखवालदार होता. त्याचे बोलणे ऐकून पोती उचलणारे हसून हसून बेजार व्हायचे. आमच्या गावात भिंतीला 'पात' म्हणतात आणि बदकाला 'बाद'. पण त्या बाजूच्या आमच्याच लोकांच्या तोंडात 'प'चा 'ब' होतो, 'त'चा 'द' होतो. तो बिचारा "या भिंतीला ओल आली आहे" असे सांगायचा आणि पोरे विचारायची, "मग बदकाला ओल येणार नाही तर काय? तळ्यात असतं ते!" मी त्याच्या कमरेला लटकत असे. त्याची बोली मी तेव्हाच शिकले. न शिकते तर बरे झाले असते, असे पुढे वाटले.

मग दिवस फिरले. देवाची रजा संपली. चर्च धुतले, पुसले, आणि किल्ली कुणाकडे द्यायची असा प्रश्न आला तेव्हा सातेनिक पुढे झाली. "माझ्या भावानं केलीय. ती माझ्याकडंच राहील." कुणी हूं की चूं केले नाही.

ते माझे मानाचे दिवस! राजधानीहून मोटारी येऊ लागल्या. एक वाटाड्या आणि त्याचे एक-दोन पाहुणे, अशी त्यांची खासगी सहल असे. दार बंद दिसले की वाटाडे खालूनच हाक मारत, "सातेनिक मावशी, किल्ली!" ती एप्रनला हात पुसत यायची. पाहुणे मला हातात घेऊन वजन बघत, माझे फोटो काढत. एका जर्मन बाईने तर माझा मुकाच घेतला. लोखंड लाजत नाही, पण मी लाजले.

रोज संध्याकाळी सातेनिक एकटी आत जायची. पेतोचा क्रूस फडक्याने पुसायची आणि त्याच्याशी बोलायची. मोठ्या सणांच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मेलेल्यांची आठवण करतात. पाद्री नावे वाचतो. सातेनिक आईबापाचे, नवऱ्याचे नाव द्यायची आणि पेतोपाशी अडायची. "जिवंत असलास आणि नाव घातलं तर पाप. गेला असलास आणि नाही घातलं तर तू तिकडं उपाशी. मी काय करू, सांग ना! डोळे मिटायच्या आत एवढं एक कळू दे मला."

क्रूस बोलत नसे. मीही बोलत नसे. किल्लीला कान असतात, तोंड नसते.

पुढे घाटाचा रस्ता खचला. वाटाड्यांना दुसरी सोपी चर्चे सापडली. महिनोन्महिने 'मावशी, किल्ली' अशी हाक येईना. सातेनिकचे वय झाले, रोज चढ चढणे जमेना. मला तेल मिळेनासे झाले. त्यावर कडी म्हणजे ती माझ्याने अक्रोड फोडू लागली! तिचा काही वाईट हेतू नव्हता, हातोडीपेक्षा मी हाताला जवळ होते एवढेच. पण एका थंडीत एक अक्रोड भलताच कडक निघाला आणि माझ्या मानेला बारीक तडा गेला. मला तो कळला, तिला दिसला नाही. मी काय करणार?

अशात एका दुपारी खालच्या झऱ्यापाशी मोटार थांबली. चाक पंक्चर झाले होते. वाटाड्याचे नाव गुर्गेन. त्याने खालूनच ओरडून सांगितले, "मावशी, बाईंना चर्च दाखव! मी चाक बदलून येतो!" आणि वर चढून आली ती साठीकडे झुकलेली एक बाई. फ्रान्समधल्या मार्सेची. नाव अराक्सी. जुनी चर्चे पाहायची म्हणून तिने सहल ठरवली होती आणि यादीत आपल्या हाताने मोशाकर लिहिले होते. का, ते गुर्गेनने विचारले नव्हते आणि तिने सांगितले नव्हते.

सातेनिकने दार उघडले. माझ्या मानेत कळ आली. अराक्सीने मेणबत्ती लावली. मग ती भिंतींवरून हात फिरवू लागली, क्रूसामागून क्रूस, आंधळ्या माणसाने चेहरा चाचपावा तशी. पेतोच्या क्रूसावरूनही तिचा हात गेला. तिथे थांबला नाही. कसा थांबेल? शेकडोंत तो एक. निघताना ती देवाकडे पाठ न करता उलट्या पावलांनी बाहेर आली. सातेनिक खूश झाली. "आपलीच आहे की गं तू!"

ओसरीवर कॉफी झाली, पातळ रोटीत गुंडाळलेले चीज झाले. मग अराक्सीने कप खाली ठेवला आणि मोडक्यातोडक्या आर्मेनियन भाषेत म्हणाली, "मावशी... माझे बाबा... बाद." तिने चर्चकडे बोट दाखवले. "तिथे. बाबांची बाद."

माझ्या अंगावर काटा आला असता, पण मी लोखंडाची.

"बदक?" सातेनिक म्हणाली.

"बाद, बाद! बेद्रोस. माझे बाबा बेद्रोस."

"बेद्रोस कोण बाई? या नावाचं कुणी नाही आमच्यात." सातेनिकने घटकाभर विचार केला. चर्च, बाप आणि बदक. एकदम तिचा चेहरा उजळला. आमच्याकडे नवस बोलतात, कोंबडा नाहीतर मेंढा चर्चपाशी नेतात, मीठ चारतात, शिजवून शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटतात. "अगं, बापाच्या नावानं नवस फेडायचाय होय तुला? पण कोंबडा देतात बाई, बदक कुणी देत नाही! असेल, तुमच्याकडची रीत असेल. थांब हं."

आणि ती कुंपणावरून ओरडली, "झावेन, ए झावेन! एक बदक दे रे! चांगलं बघून दे, पाहुणीच्या बापाचं आहे!"

"बापाचं बदक माझ्याकडं कुठनं येणार?" झावेन पलीकडून म्हणाला.

"तोंड नको चालवूस, बदक आण!"

मित्रांनो, तेव्हाची माझी तगमग तुम्हाला कशी सांगू? पेतोची मुलगी आणि पेतोची बहीण एका बाकावर, गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या. एकीला जे सत्तर वर्षे हवे होते ते दुसरीच्या तोंडात होते. आणि मी एप्रनच्या खिशात, दातखीळ बसल्यासारखी. मी खिशातून पडायचा प्रयत्न केला. किल्लीला पडताही येत नाही.

खालून हॉर्न वाजला. अराक्सीचे डोळे भरून आले. आपले कुणालाच कळत नाही असे तिला वाटले असावे. ती उठली, सातेनिकच्या गालाला गाल लावला आणि उतार उतरू लागली. झावेनने बदक आणेपर्यंत ती झऱ्यापाशी पोचलीही होती. सातेनिक बदक काखेत मारून मागे धावली. सत्त्याहत्तर वर्षांची बाई, काखेत फडफडणारे बदक, खिशात मी.

"मावशी, हे काय?" काळे झालेले हात पुसत गुर्गेनने विचारले.

"हिचं बदक! बापाच्या नावानं द्यायचंय तिला. विसरून चालली बघ."

गुर्गेनने तिला फ्रेंचमध्ये विचारले. तिने बदकाकडे पाहिले, सातेनिककडे पाहिले आणि हवेत सपाट हात मारून काहीतरी भराभरा सांगितले. गुर्गेन चाकावर बसून हसू लागला. "बदक नाही गं मावशी, भिंत! ते लोक भिंतीला बाद म्हणतात!"

"मग बदकाला काय भिंत म्हणतात? आणि भिंतीचं काय करायचंय तिला?"

"हिच्या वडिलांनी लढाईवर जाताना चर्चमध्ये भिंतीवर क्रूस कोरला होता म्हणे. इथलेच होते ते, लोहार. बेद्रोस म्हणजे आपल्याकडचा..." बोलता बोलता गुर्गेनचे हसू मावळले. "पेत्रोस."

बदक सातेनिकच्या काखेतून सुटले आणि झऱ्यात गेले. तिने तिकडे पाहिलेही नाही. "पेतो," ती म्हणाली. मग फार हळू विचारले, "आहे?"

गुर्गेनने विचारले. अराक्सीने नाही म्हणून मान हलवली.

"चौदा वर्षं झाली, मावशी," गुर्गेन म्हणाला. "जर्मनांच्या कैदेत होते, सुटून फ्रान्सला गेले, तिथल्या आपल्या लोकांत राहून पेत्रोसचे बेद्रोस झाले. बाहेरून पत्र आलं तर इथल्यांच्या मागं चौकशीचा ससेमिरा लागेल, म्हणून लिहिलं नाही. पुढं कुणीतरी सांगितलं, मोशाकरच्या लोहाराचं घर बंद आहे, कुणी उरलं नाही."

"मी नांदायला गेले होते," सातेनिक म्हणाली. "घर बंद होतं, मी होते." ती रस्त्याकडेच्या दगडावर बसली. "चौदा वर्षं. आणि मी त्याचं नाव एकदाही वाचू दिलं नाही."

मग ती उठली. "चला वर. मला ठाऊक आहे तो क्रूस कुठं आहे. रोज पुसायचे मी. आता दोन मेणबत्त्या लावू."

तिने मला खिशातून काढले. मी कुलपात शिरले. मित्रांनो, आयुष्यभर मी हे एकच काम केले होते. बटाट्यांसाठी केले, फोटोवाल्यांसाठी केले. त्या दिवशी ते ज्याच्यासाठी करायचे होते त्यानेच मला घडवले होते. मी होते नव्हते ते सगळे बळ एकवटले. तिने मला फिरवले आणि माझी मान तुटली. दात आत राहिले, डोके तिच्या मुठीत.

गुर्गेनने पकड आणली, खिळा आणला, खांदाही लावून पाहिला. सरगीस संताचे दार ढिम्म हलले नाही. कुलूप पेतोचेच होते, कच्चे काम त्याला ठाऊक नव्हते. दुसरा लोहार गावात उरला नव्हता आणि अराक्सीचे विमान पहाटेचे होते.

सातेनिकने माझ्या तुकड्याकडे पाहिले. मला वाटले, आता फेकून देईल, आणि दिले असते तरी चालले असते. तिने मला पदरात ठेवावे तसे एप्रनमध्ये ठेवले आणि भाचीचा हात धरला. चर्चला डावीकडून वळसा घालून बाहेरच्या भिंतीपाशी आली. अराक्सीचा तळवा दगडावर टेकवला, जरा खाली सरकवला. "इथं. आतल्या बाजूनं बरोबर इथंच आहे."

भिंत दोन हात जाडीची. अराक्सीने तिच्यावर कपाळ टेकले. मग ती काहीतरी बोलली.

"म्हणते, बाबा सांगायचे," गुर्गेनने सांगितले, "माणसं कुणी उरली नसतील, भिंत तेवढी असेल. तिला हात लावून ये. आणि म्हणते, मावशींनी भिंत दाखवली, फार उपकार झाले."

"मावशी?" सातेनिक एकदम रागावली. "अख्ख्या जगाची मावशी आहे मी, वाटाड्यांची, जर्मनांची! हिची नाही. सांग तिला. हिची मी आत्या आहे. हा शब्द म्हणायला जगात कुणी आहे हेच मला ठाऊक नव्हतं. म्हण गं पोरी. भिंतीला कसली हात लावत बसलीस? मला लाव. म्हण."

अराक्सीने म्हटले. चुकीच्या उच्चारात म्हटले. या वेळी सातेनिकला समजले.

पुढच्या महिन्यात शहरातून माणूस आला, त्याने कुलूप कापून काढले आणि नवे बसवले. नवी किल्ली बोटाएवढी आहे. मी खिळ्यावर आहे, माझे दात कुठे गेले कोण जाणे. माझी तक्रार नाही. तुमच्या घरी जुनी किल्ली असेल तर तिला थेंबभर तेल द्या, तिच्याने अक्रोड फोडू नका, एवढे मी माझ्यासाठी मागते. आणि दुसरे मागणे माझ्यासाठी नाही. लांबून आलेले कुणी तुमच्या ओसरीवर बसून एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत असेल, तर लगेच बदक आणायला धावू नका. जवळ बसा आणि आधी विचारा, "बाई, तू कुणाची?"