सुलतानबीची भीती

१९३८ साल. मंगरूळपीरला एका डॉक्टरांच्या लहानशा दवाखान्यात मी नुकतीच नर्स म्हणून लागले होते.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या रोग्यांची आम्हाला फार धास्ती. दोन्ही डोळे बांधलेले, आणि जन्मभर भुईवर निजलेली माणसं उंच लोखंडी खाटेवर. धनजचे रामकिसन असेच कोणाला न सांगता उठले आणि पडले. जखम उघडली, डोळा कायमचा गेला. तेव्हापासून डॉक्टरांचा हुकूम होता, ऐकत नसेल त्याला खाटेला बांधा.

आसेगावच्या मनकर्णाबाई ऐकणाऱ्यातल्या नव्हत्याच. एका संध्याकाळी त्यांचा पाय खाटेखाली लोंबताना दिसला. मी धावले.

"मावशी, हाक मारायची ना!"

"कायले? सत्तरी आली माही. बाहेर जाले कोनाले इचारू? तुले, कालच्या पोट्टीले?"

"पडलात तर डोळा जाईल."

"जाऊ देत नाई मी. सून घरात काय करून राह्यली, थे पाह्याचं हाय मले."

मी बांधायला पट्टी आणली. आमची मोठी नर्स सुलतानबी हिनं ती माझ्या हातातून काढून घेतली आणि खाटेशी बसून हळूच म्हणाली, "मावशी, मले बाहेर जायचं हाय. मांगं बाभळीत अंधार पडला. एकटीले भेव लागते. संगं येता?"

आमच्या भागात परसाकडे जायला सोबत मागितली तर कुठलीच बाई नाही म्हणत नाही.

"अवं, एवढी घोडी झाली अन् भेतं?" मनकर्णाबाई हसल्या. "आन इकडं हात. मी हावो ना."

डोळे बांधलेली बाई सोबत द्यायला निघाली! पायरी आली की सुलतानबी म्हणे, "मावशी, धरा मले, पायरी हाय." मावशी तिला घट्ट धरत आणि स्वतः अलगद उतरत. मी दारात थक्क होऊन उभी.

पुढचे सगळे दिवस मावशींना गरज वाटायच्या आतच सुलतानबीला भीती वाटायची.

डोळ्यांची पट्टी सुटली तेव्हा मनकर्णाबाईंनी तिला बराच वेळ न्याहाळलं.

"तूच का थे भेकड?"

"हो मावशी."

"वाटत नाई," त्या म्हणाल्या. तिचा हात मात्र त्यांनी सोडला नाही.

रामकिसन एका डोळ्यावर शेती करत राहिले. डॉक्टर म्हातारपणी नागपूरला लेकाकडे गेले. मनकर्णाबाई पुष्कळ वर्षं जगल्या, सुनेशी रोज भांडल्या. मी अकोल्याला नोकरी करून निवृत्त झाले. सुलतानबी क्षयानं लवकर गेली. ती होती तोवर तिच्या देखरेखीतल्या खोलीत पुन्हा कोणी खाटेवरून पडलं नाही, आणि कोणाला बांधावंही लागलं नाही.