मी किती आजोबा मारले

मी प्रिंटर बोलतोय. फार मळमळतंय, म्हणून बोलतोय.

दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत मी सहा वर्षं आहे. माझे मालक परदेशातल्या वैद्यकीय कॉलेजांचे प्रवेश अर्ज लिहून देतात. सगळे त्यांना सर म्हणतात.

अर्जासोबत 'मला डॉक्टर का व्हायचंय' असं एक पान द्यावं लागतं. सरांकडे ते तयारच असतं. मुलं येतात, नाव सांगतात आणि माझ्यातून पान बाहेर पडतं. लहानपणापासून रुग्णसेवेची ओढ, आजोबांचा अखेरचा श्वास, घट्ट धरलेला हात. एका हंगामात मी असे बेचाळीस आजोबा मारले. शिसारी येते, पण आम्हा यंत्रांना तोंड मिटून बसता येत नाही.

एकदा एक मुलगी आईबरोबर आली. पान तिने स्वतःच लिहून आणलं होतं. तिचे आजोबा अंथरुणाला खिळलेले, पाठीला जखम झालेली. पहिल्यांदा पट्टी सोडली, तेव्हा वासानेच ती पळत जाऊन ओकली होती. मग घरी येणाऱ्या नर्सबाईंनी तिला जखम बघायला शिकवलं; पिवळं वाईट, गुलाबी चांगलं. तेव्हापासून उठल्या उठल्या ती आधी जखमेची कड बघायची, गुलाबी किती सरकलं ते. इतकी उत्सुकता शाळेत कधी वाटली नाही, असं तिने लिहिलं होतं.

सरांनी नाक मुरडलं. ओकारी कोण वाचणार, म्हणाले. दहा मिनिटांत त्यांनी आजोबांना मारलं आणि मला छापायला लावलं.

मुलीने पान वाचलं. "आजोबा आहेत. सकाळीच त्यांची पट्टी बदलून आलेय मी."

"कागदावर गेले तर काय बिघडलं? त्यांना थोडंच वाचायचंय?"

इतका वेळ मान खाली घालून बसलेल्या आईने ते पान घेतलं आणि शांतपणे त्याचे चार तुकडे केले. "माझे वडील आहेत ते. हिने लिहिलंय तेच छापा."

मी छापलं. आयुष्यात पहिल्यांदा मनापासून.

दोन कॉलेजांनी तिला नाकारलं. तिसऱ्याने मुलाखतीत फक्त जखमेबद्दल विचारलं आणि प्रवेश दिला. आई मुद्दाम येऊन सांगून गेली.

वाटलं, सर आता शहाणे होतील. झालेही, पण आपल्या परीने. पुढच्या हंगामात मेलेले आजोबा गेले आणि जखमवाले आले. ज्यांनी घरात कुणाचं कापलेलं बोटही धुतलं नव्हतं, ती मुलं पानोपानी ओकू लागली. तीच नर्सबाई, तीच गुलाबी कड. त्या मुलीची रोजची सकाळ चोरून वाटली गेली, आणि ती वाटणारा मीच. ही किळस सगळ्यात जास्त आहे.

आता माझे रोलर झिजलेत, कागद अडकतो. सर पाठीवर थापट्या मारतात. लवकरच भंगारात जाईन, आणि खरं सांगतो, सुटेन.

तुमच्यापैकी कुणी असा अर्ज लिहिणार असेल, तर एवढंच ऐका. डॉक्टर का व्हायचंय ते माहीत नसेल, तर 'अजून माहीत नाही' असं लिहा. ते मात्र मी, आहे तेवढ्या शाईत, ठळक छापून देईन.